दाभणाच्या टोकावर चिलखत

मलकापूर

प्रवासाला निघताना लोक अंगावर घालायचे कपडे भरतात. मी अंगावर घालायचं लोखंड भरलं होतं. नमुना म्हणून दाखवायला नऊ किलोचं एक चिलखत, एक शिरस्त्राण आणि वर दोन सुती अंगरखे. मलकापूर स्टेशनातून बाहेर येईपर्यंत बॅगेचं एक चाक निखळलं. मोताळ्याकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने मदत म्हणून हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"काय भरलं हो काका याच्यात? पाण्याची मोटर हाय का?"

"चिलखत आहे."

"काय हाय?"

"चिलखत. लढाईत घालायचा लोखंडी सदरा."

त्याने एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा माझ्या टकलाकडे. "मोताळ्यात कोणाशी लढाई लागली तुमची?"

सगळी बस हसली. मला सहसा माझ्यावर केलेला विनोद आवडत नाही, पण खिडकीची जागा मिळाली होती, म्हणून मीही हसलो.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढे जे घडलं ते का घडलं ते कळेल. मी चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो. जुन्या चिलखतांचा नाद तिथेच लागला. तार गजाभोवती गुंडाळायची, तिच्या कड्या कापायच्या, मग एकेक कडी चार कड्यांत ओवून दोन पकडींनी बंद करायची. एका चिलखताला हजारो कड्या लागतात. निवृत्तीनंतर हाच उद्योग झाला. किल्ल्यांवर, मिरवणुकांत जुन्या लढायांचे प्रसंग उभे करणारी मंडळी माझ्याकडून चिलखतं नेतात. माझ्या कामाचं लोक कौतुक करतात, पण माझ्या जिभेला घाबरतात. कारण मला चुका दिसतात. मावळ्याच्या पायात बूट दिसला, शेल्याला मशीनची शिवण दिसली, की मी मिरवणूक थांबवतो. एकदा एका सरदाराच्या दाढीला चिकटपट्टी दिसली म्हणून मी त्याला घोड्यावरून उतरवलं होतं. बायको म्हणते, तुम्हाला नवरदेवाच्या अंगावरही आधी शिवणच दिसेल.

धामणगाव बढे इथल्या मर्दानी खेळांच्या एका पथकाने दोन वर्षांपूर्वी माझं एक चिलखत मागवलं होतं. आता घाटापलीकडच्या धाड गावाला बाजाराच्या दिवशी त्यांचा मोठा खेळ होता. पोशाख अगदी अस्सल हवेत, तुम्ही स्वतः येऊन बघा, असा पथकाच्या प्रमुख मनीषा हिवाळे यांचा फोन आला. 'अस्सल' हा शब्द कानावर पडल्यावर मी घरात थांबणं शक्यच नव्हतं.

मलकापूर सोडलं की दोन्ही बाजूंना कपाशीची वाळलेली झाडं उभी होती, मधूनमधून मका, आणि हरभरा सोंगायला आलेला. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराची लांबलचक रेघ सोबतीला होती. आमच्याकडे डोंगर दिसला की त्याला बुरुज असणारच असं आपण धरून चालतो. इथला डोंगर नुसता डोंगर होता, आणि मला उगाच चुकल्यासारखं वाटत राहिलं.

धामणगाव बढे

स्टँडवर मनीषाताई स्वतः आल्या होत्या. पस्तिशीच्या, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. "जय भीम सर," म्हणत त्यांनी ती चाक मोडलेली बॅग माझ्या हातातून घेतली आणि खांद्यावर टाकली. मी थक्क झालो. ती बॅग मला दोन हातांनी उचलवत नव्हती.

घर साधं, तीन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाजूला हार घातलेला एका तरुण माणसाचा फोटो. तो मनीषाताईंचा नवरा, तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. घरात आता त्या आणि त्यांच्या सासूबाई, कौसाबाई. कौसाबाई गावातल्या घराघरांसाठी गोधड्या शिवतात. मी गेलो तेव्हा त्या अंगणात चटईवर बसून मोठ्या दाभणाने गोधडीचा जाड काठ शिवत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पुण्याचे का तुमी?"

"हो."

"ते लोखंडाचं तुमीच केलं?"

"हो, मीच," मी छाती काढून म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शिवायला लागल्या. मला वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येत असावं.

पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात. इथे विचारायची पद्धतच नाही. हात धुवून होईपर्यंत ताट समोर आलं. दाळ, तुपात बुडालेली बट्टी, वांग्याची भाजी आणि ठेचा. मी एक बट्टी खाऊन हात आवरता घेतला तर मनीषाताईंनी न विचारता दुसरी फोडून वाढली. तिसरीला मी ताटावर हात आडवा धरला, तर तूप हातावर पडलं. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं ते पुसतोय तेवढ्यात पथकातला संतोष आला. भाजीपाल्याची शेती करणारा, सहा फुटी, अबोल माणूस. त्याच्या हातात भाला होता.

दुपारी शाळेमागच्या मैदानावर तालीम झाली. लाठी, दांडपट्टा, लेझीम, सगळं झकास. मी वहीत चुका लिहीत होतो. शेवटी मनीषाताई माझं चिलखत घालून मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. संतोषने आधी भाल्याने एक कोहळं फोडलं, टोक आरपार गेलं. मग तो पंधरा पावलं मागे गेला, पळत आला आणि तोच भाला मनीषाताईंच्या छातीवर मारला.

माझ्या हातातून वही पडली.

अशा खेळांत शस्त्रांची टोकं बोथट असतात. हा पहिला नियम, आणि तो मोडलेला मी कुठेच पाहिला नव्हता. मनीषाताई मात्र एक पाऊल मागे सरकल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि हसल्या. मी धावत जाऊन भाल्याच्या टोकाला बोट लावलं. धार लावलेली होती.

"अहो, हे काय? खरा भाला?"

"खोट्याले लोक कायले येतीन सर?" मनीषाताई म्हणाल्या. "दोन वर्षं झाले, पंधरा-वीस खेळ केले. एक ओरखडा नाई. तुमचं चिलखतच तसं हाय."

इथे मी काय करायला हवं होतं ते आता कोणालाही कळेल. मी सांगायला हवं होतं की हा प्रकार आत्ताच्या आत्ता बंद करा. पण ती शेवटची वाक्यं माझ्या कानात तुपासारखी उतरली. आपल्या हातच्या कड्यांवर खरा भाला थांबतो, हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं! मी त्या क्षणी इतका फुगलो होतो की भीती कुठल्या कुठे गेली.

आणि मग मला चूक दिसली.

चिलखताच्या आतून मानेशी आणि बाहीशी एक गोधडी डोकावत होती. चिलखताखाली जाड शिवलेला अंगरखा असतोच, ते बरोबरच आहे. पण हा अंगरखा नायलॉनच्या साड्यांच्या तुकड्यांचा होता. पिवळी फुलं, गुलाबी जरीचा काठ, एका बाहीवर चक्क शाळेच्या गणवेशाचा चौकडा.

"हे कोणी शिवलं?"

"आत्यांनी," मनीषाताई म्हणाल्या. सासूला त्या आत्या म्हणतात. "चिलखत आलं त्याच आठवड्यात शिवून देलं."

"जुन्या काळी नायलॉन होतं का, ताई? एवढं अस्सल चिलखत आणि आत पिवळी फुलं?" मी माझ्या बॅगेतला अंगरखा काढला. शुभ्र सुती, हाताने शिवलेला, बंदांचा. "उद्या हा घाला."

मनीषाताईंनी तो कौतुकाने हातात धरला. "लय हलका हाय सर."

"हलकाच असतो."

खरं तर जुना अंगरखा हातात घेतला तेव्हा तो मला फारच जड लागला होता. आत काहीतरी कडक होतं. मी विचारलं तर मनीषाताई म्हणाल्या, "आत्यांनी जुन्या फ्लेक्सचे थर घातले, वारं लागत नाई म्हणते." मी कपाळावर हात मारला. पुढाऱ्यांचे वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि माझ्या चिलखतात!

घरी आल्यावर कौसाबाईंनी तो नवा अंगरखा बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊ, आतलं जुनंच राहू द्या."

"आजी, लोक हसतील."

"हसू द्या ना."

मग मी त्यांना जुन्या काळच्या पोशाखावर अर्धा तास व्याख्यान दिलं. कापूस कुठला, रंग कुठले, बंद डावीकडे की उजवीकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मनीषाताई म्हणाल्या, "आत्या, सर येवढ्या दुरून आले. सर म्हणून राह्यले तं घालू आपण." कौसाबाई उठून आत गेल्या. जेवायला त्या आमच्यासोबत बसल्या नाहीत, आणि तरीही माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

धामणगाव, सकाळी

जीप दहाला निघणार होती. सकाळी मी दात घासत होतो तेव्हा कौसाबाईंनी अंगणातून हाक मारली. "भाऊ, या बरं जरा."

त्यांच्या मांडीवर मी पथकाला विकलेलं चिलखत पसरलेलं होतं, हातात दाभण होता.

"मी काई शिकेल नाई," त्या म्हणाल्या. "पण सुई कुठून जाते अन् कुठून जात नाई, येवढं समजते मले. हे पाहा."

त्यांनी दाभणाचं टोक एका कडीत घातलं आणि नुसतं तिरपं केलं. जोर असा लावलाच नाही, गोणपाट शिवताना लावतात तेवढाच. कडीची दोन टोकं एकमेकांपासून सुटली, आणि कडी उघडी पडली.

मी बघत राहिलो. त्यांनी शेजारची कडी उघडली, मग तिच्या शेजारची. माझ्या तोंडात अजून दातांची पेस्ट होती.

"तुमच्या सगळ्याच अशा हायेत का?" त्यांनी विचारलं. "नुसत्या टोकाले टोक?"

सगळ्याच तशा होत्या. आता लपवण्यात अर्थ नाही. जुन्या चांगल्या चिलखतांत प्रत्येक कडीची टोकं चपटी करून एकावर एक ठेवतात आणि त्यात रिव्हेटचा बारीक खिळा ठोकतात, म्हणजे कडी सुटत नाही. हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे. पण तसं करायला पाचपट वेळ लागतो. लांबून फरक दिसत नाही. मिरवणुकीत कोण कडीत डोकावून बघणार आहे, असं म्हणत मी पहिल्या चिलखतापासून टोकाला टोक लावत आलो, आणि गिऱ्हाइकांना सांगताना 'अस्सल बनावट' असं सांगत आलो. दुसऱ्याच्या शेल्याची मशीनची शिवण पकडणारा मी!

"पण मग भाला?" मी कसंबसं विचारलं. "दोन वर्षं भाला कशावर थांबला?"

कौसाबाईंनी बाजूला पडलेला पिवळ्या फुलांचा अंगरखा ओढला, छातीवरची शिवण दाताने तोडली आणि हात आत घातला. कपड्यात गुंडाळलेला एक तुकडा बाहेर आला. पत्रा होता. त्यांच्या पंजाएवढा, कडा घासून गोल केलेल्या. मग दुसरा, तिसरा. छातीभर एकावर एक चढवून शिवलेले होते, घरावर कौलं बसवतात तसे.

"जुन्या कोठीचा पत्रा," त्या म्हणाल्या. "धान्य ठेवाची कोठी होती, बुड सडलं होतं तिचं. बाकीचा चांगला होता."

मी त्यांच्या चटईच्या कडेला खाली बसलो. कापडाच्या थरांत लोखंडाचे तुकडे शिवलेले अंगरखे जुन्या काळी खरोखर वापरत. ते कसे शिवले जात असतील यावर मी कित्येक रविवार डोकं खाजवलं होतं. या बाईंनी मान खाली घालून ते शिवून ठेवलं होतं, आणि मी काल त्यांना कापसावर व्याख्यान दिलं होतं. आज दुपारी धाडच्या बाजारात मनीषाताई माझा हलका शुभ्र अंगरखा घालून खऱ्या भाल्यासमोर उभ्या राहणार होत्या. माझ्या सांगण्यावरून!

"तुम्ही सांगितलं का नाही? दोन वर्षं?"

त्यांनी आवाज खाली केला. "माहा पोरगा गेला तं मनीषा वर्षभर घराबाहेर पडली नाई. पाणी भराले पन नाई. संतोषनं हे लोखंड मागवलं, कोणाले बसलं नाई, मंग घरी घेऊन आला, तिले बसलं. ते घालून अंगणात उभी राह्यली अन् हसली. वर्षानं हसली भाऊ ती. त्याच दिवशी मी आतून शिवाले घेतलं, अन् पहिल्याच टाक्याले कडी उघडली. आता तिले काय सांगू, हे खोटं हाय म्हणून? मंग मी पत्रा शिवला."

"आत्या."

मनीषाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सगळं.

त्यांनी गोठ्यातून सरकीचं भरलेलं पोतं ओढत आणलं, अंगणातल्या लाकडी खांबाला उभं बांधलं. त्याला आधी माझा शुभ्र अंगरखा घातला, त्यावर माझं चिलखत. संतोषला फोन करून बोलावून घेतलं. तो आला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मार. मले मारतो तसाच."

संतोष पळत आला. भाला चिलखतात शिरला, पोत्यात शिरला आणि मागच्या खांबात जाऊन रुतला. कड्या विखरून जमिनीवर उडाल्या. फाटलेल्या शुभ्र अंगरख्यातून सरकी भसाभसा बाहेर सांडायला लागली आणि थांबेचना.

संतोष भाला तसाच सोडून दोन पावलं मागे झाला आणि त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हाच हात आज दुपारी तो चालवणार होता. "बाप्पा," तो म्हणाला, आणि खाली बसला. मी आयुष्यात अपघात पाहिलेत, कारखान्यात माणसांची बोटं गेलेली पाहिलीत, पण त्या सरकीकडे बघताना मला जी भीती वाटली तशी कधीच वाटली नव्हती.

मनीषाताईंनी वाकून एक सुटलेली कडी उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"पंधरा-वीस खेळ सर," त्या म्हणाल्या. "मले वाटे, भाला मीच झेलून राह्यली."

राजूर घाट, धाड

मला वाटलं होतं खेळ रद्द होईल आणि मी दुपारच्या गाडीने तोंड लपवून निघून जाईन. मनीषाताई म्हणाल्या, "कार्यक्रम तं होईनच. लोक येऊन राह्यले. बसा जीपमध्ये."

जीपमध्ये मी मागे, लेझीमच्या ढिगावर. राजूरचा घाट चढताना खाली मोताळ्याकडचा सगळा सपाट मुलूख दिसतो. एरवी मी अशा ठिकाणी गाडी थांबवायला लावतो. त्या दिवशी वळणावर माकडं बसली होती, ती आमच्याकडे बघत होती आणि मी माझ्या पायांकडे. बुलढाण्यात कोणीतरी कच्चा चिवडा घेतला, पुडी सगळ्यांत फिरली. माझ्यापर्यंत आली तेव्हा कौसाबाईंनीच ती माझ्या हातात दिली. "खा भाऊ, उपाशी नका राहू." तो चिवडा मला गिळवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धाडचा बाजार भरात होता. मिरच्यांचे ढीग, वांगी, कुदळी-विळ्यांची दुकानं, जुन्या कपड्यांचे ढिगारे आणि भोंग्यावर कसलंतरी औषध विकणारा माणूस. मैदानाभोवती तीन पदरी गर्दी. लाठी झाली, दांडपट्टा झाला. शेवटच्या खेळाची वेळ आली तशी गर्दी पुढे सरकली. "भाला, भाला," असं लोक ओरडायला लागले. त्यासाठीच ते आले होते.

मनीषाताई साध्या साडीत मैदानाच्या मध्ये आल्या. उजव्या हातात उरलेलं चिलखत, डाव्या हातात माईक. त्यांनी माईक माझ्यासमोर धरला.

"हे पुण्याचे सर. चिलखत यांनी बनवलं. हे सांगतीन."

मला वाटलं होतं की सगळं त्या सांगतील आणि मी मान खाली घालून उभा राहीन. तेवढी तयारी मी केली होती. माईक मी हातात घेतला. मी म्हणालो, "हे चिलखत मी बनवलं. याच्या कड्या पक्क्या नाहीत. भाला यातून आरपार जातो. मला हे माहीत असायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर माहीत होतं."

औषधवाल्याचा भोंगा तेवढा चालू होता. पुढच्या रांगेत मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली एक बाई होती. तिने अगदी सरळपणे विचारलं, "मंग इकलं काऊन?"

विकलं का, एवढंच तिला हवं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी माईक खाली केला.

मग मनीषाताईंनी कौसाबाईंना हाताला धरून मध्ये आणलं. सरकीचं दुसरं पोतं खांबाला बांधलं होतं. कौसाबाईंनी सकाळी उसवलेली शिवण जीपमध्येच पुन्हा घातली होती. तो पिवळ्या फुलांचा अंगरखा त्यांनी पोत्याला घातला, बंद बांधले, पदराने त्यावरची धूळ झटकली. संतोष पंधरा पावलं मागे गेला. त्याने नेहमीपेक्षा जास्त जोर लावला, ते सगळ्यांना दिसलं. भाला अंगरख्यावर आदळला, आतून ठण्ण आवाज आला आणि भाल्याचं टोक बाजूला घसरलं. पोतं शाबूत होतं.

टाळ्या एकदम वाजल्या नाहीत. आधी बायका पुढे आल्या. एकीने अंगरखा बोटांनी दाबून पाहिला, दुसरीने आतला पत्रा चाचपला, तिसरीने विचारलं, "टाका कोणता घातला हो मावशी?" कौसाबाई टाका दाखवायला लागल्या आणि गर्दी त्यांच्याभोवती गोळा झाली. मनीषाताई थोड्या दूर एकट्या उभ्या होत्या. सासूकडे बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी तिथे जायची हिंमत केली नाही.

धामणगाव, निघताना

सकाळी स्टँडवर मनीषाताई आणि संतोष मला सोडायला आले. कौसाबाईंनी बट्ट्या बांधून दिल्या होत्या. मी रात्रभर ठरवलेलं बोलून टाकलं. विकलेल्या सगळ्या चिलखतांच्या लोकांना आजच फोन करतो आणि सांगतो. आणि तुमच्यासाठी नवं करतो, एकेक कडी चपटी करून, रिव्हेट मारून. कितीही महिने लागोत. करून पाठवतो.

"पाठवू नका," मनीषाताई म्हणाल्या. "घेऊन या."

"येईन की."

"अन् पहिल्या खेपेले आत तुमी उभे राहा. भाला मी मारीन."

मी संतोषकडे पाहिलं, तो हसेल म्हणून. तो हसला नाही. बस लागली होती, कंडक्टर घाई करत होता. मी हो म्हणालो. मनीषाताईंनी ते ऐकून घेतलं, आणि मग बॅग उचलून बसमध्ये चढवून दिली.

परत आल्यावर फोन केले. काही जण हसले, म्हणाले आम्ही कुठे खरे भाले मारतो. दोघांनी विचारलं, आता काय करू. त्यांची चिलखतं परत आली आहेत, ती गॅलरीत पोत्यात पडून आहेत.

नव्या चिलखताचं काम चालू आहे. कडी चपटी करायची, भोक पाडायचं, रिव्हेट घालून ठोकायची. दिवसाला चाळीस होतात, हात दुखला तर तीस. माप माझ्याच छातीचं घेतलंय. काम थांबवताना झालेला तुकडा मी सदऱ्यावर लावून आरशात बघतो. परवा असाच बघत होतो तेव्हा डाव्या बाजूला, बरगडीच्या जरा वर, एक कडी रिव्हेटशिवाय राहिलेली दिसली. नुसती टोकाला टोक. जुन्या सवयीने हात तसाच चालून गेला होता. मी तुकडा हातात घेऊन स्टुलावर बसलो, छातीवर त्या जागी बोट ठेवलं, आणि बऱ्याच वेळाने पक्कड उचलून ती कडी कापून काढली.